आधी कौशल्याची बाजू

फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. नांदेडहून कौशल्याच्या धाकट्या भावाचा, मिलिंदचा फोन. "अक्का, ताई गेली," एवढंच म्हणाला. आणि मी विचारलं, "कुठं गेली?" सत्तरी गाठलेल्या बाईनं विचारायचा प्रश्न आहे का हा... चार महिने ती त्याच्याकडं औषधपाण्याला होती, दुखणं कुठवर आलंय ते मला पक्कं ठाऊक होतं, तरी तोंडातून तेच निघालं. मी गॅस बंद केला, शेंगदाणे ताटात पसरले, एक दाणा करपू दिला नाही. नंतर त्या न करपलेल्या दाण्यांचाच मला राग आला आणि मी ते शेजारणीला देऊन टाकले.

कौशल्या सोनकांबळे हे नाव लातुरात पुष्कळांना माहीत आहे. आमच्या कॉलेजात तिनं तीसेक वर्षं तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलं, मी त्याच कॉलेजात होम सायन्स. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहा असा निरोप आला तेव्हा सोबत नमुनाही आला होता, असे लेख कसे असतात त्याचा. मनमिळाऊ, मितभाषी, विद्यार्थिप्रिय वगैरे. आता मनमिळाऊ म्हणावं तर ती पहिल्या नंबरची भांडखोर होती, आणि मितभाषी म्हणावं तर चहा गार होईस्तोवर तिचं पहिलं वाक्य संपायचं नाही. शिवाय मला जे लिहायचं आहे ते वेगळंच आहे. मी एकदा तिच्या तोंडावर, गल्लीतल्या बायकांसमोर, धडधडीत खोटं बोलले होते. ते खोटं आहे हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. कबूल करायला माझ्याकडं पस्तीसच्या वर वर्षं होती आणि दर रविवारचा चहा होता. मी कबूल केलं नाही. आता ती नाही, आणि ही कबुली कुणापुढं द्यायची ते मला कळेना झालंय. हा लेख त्या अडचणीतून लिहिते आहे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. उस्मानाबादेतून वेगळं निघालेलं बिऱ्हाडच ते, सामान अजून लागायचं होतं. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या ओल्या रंगाच्या पाट्या, फायली ठेवायला जागा नाही म्हणून खिडक्यांत रचलेल्या. नव्या जिल्ह्याबरोबर नवी माणसं आली, कॉलेजात तुकड्या वाढल्या, आणि एका जूनमध्ये उमरीकडची ही बाई पत्र्याची पेटी घेऊन रुजू झाली. उंच, सावळी, आवाज असा खणखणीत की स्टाफरूममध्ये बोलली तर ग्रंथालयात ऐकू जावं. मी उदगीरची, लातूरला दिलेली, लग्नाला तीन वर्षं झालेली. आमचं घर लिंगायत व्यापाऱ्यांचं, मोंढ्यात दुकान. त्या घरात नोकरी करणारी पहिली सून मी. सासूबाईंनी परवानगी दिली होती, पण ती कायमची नव्हती, दर महिन्याला नव्यानं कमवावी लागायची. घरात कुणाला ताप आला, पाहुणे आले, लोणचं बिघडलं, की "कॉलेज पुरे आता" हे वाक्य उंबऱ्यापर्यंत येऊन जायचं.

कौशल्याला खोली बघून द्यायला मीच बरोबर हिंडले. दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी, आत गेलं की चहा विचारणार, मग गाव विचारणार, मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली भरलेली असायची. मालकाच्या भाच्याला पाहिजे म्हणून, नाहीतर डागडुजी काढायची आहे म्हणून. चौथ्या की पाचव्या घरातून बाहेर पडल्यावर मी शरमेनं खाली बघत चालले होते, आणि ही आपली हसून राहिली. म्हणाली, "मंगल, बघ कसं हाय. पहिलं विधान, खोली रिकामी हाय. दुसरं विधान, माझं आडनाव सोनकांबळे. निष्कर्ष, खोली भरली. आता हे तर जुळत न्हाई. म्हणजे मधी एक विधान हाय, ते हे लोक तोंडानं बोलत न्हाईत. पोरांना मी हेच शिकवणार हाय, न बोललेलं विधान हुडका." शेवटी आमच्याच गल्लीच्या टोकाला एका रिटायर पोस्टमास्तरांनी माडीवरच्या दोन खोल्या दिल्या. त्यांनी आडनाव विचारलं नाही, फक्त कुत्रं पाळणार का एवढं विचारलं.

माझा तास नसला की मी तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायची. विषय सोपा म्हणून पोरं तर्कशास्त्र घ्यायची, मार्क पडतात म्हणून, आणि पहिल्याच दिवशी ती फळ्यापुढं उभी राहून म्हणायची, "सगळ्या म्हशी काळ्या असतात. आपला फळा काळा हाय. म्हणून आपला फळा म्हैस हाय. कुणाला शंका?" वर्ग हसायचा. "हसू नका, चूक दाखवा." कुणीतरी उठायचं, "मॅडम, फळा दूध कुठं देतो?" "भाकड असंल," ती शांतपणे म्हणायची. असं पंधरा मिनिटं चालायचं. मग एखादी पोरगी चाचरत उठायची, "मॅडम, म्हशी काळ्या असतात म्हणलात तुम्ही. पण जे जे काळं ते म्हैसच, असं कुठं म्हणलात?" "बस. झाला तुझा पहिला धडा." नीतिशास्त्राला ती असंच गावठी काहीतरी घेऊन यायची. आपल्यात असंच हाय, वाडवडिलांपासून चालत आलंय, असं कुणी म्हणालं की ती खडू खाली ठेवायची. "असं हाय, हे कळलं. असंच असावं, हे कशावरून? हाय आणि असावं, ह्याच्या मधी ओढा हाय. उडी मारणाऱ्याला विचारायचं, बाबा, कशाच्या जोरावर मारलीस?"

पण तिची खरी रीत दुसरीच होती. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मैत्रिणीचं नाव सांगावं की नाही, असा एखादा प्रश्न टाकून ती दोघींना समोरासमोर उभं करायची. आपली बाजू लगेच मांडायला बंदी. आधी समोरचीची बाजू मांडायची, आणि ती इतकी नीट मांडायची की समोरचीनं स्वतः "हाव, हेच म्हणायचंय मला" असं म्हणलं पाहिजे. आमच्याकडं होकाराला हाव म्हणतात, त्यामुळं सगळ्या कॉलेजात त्या रीतीला 'हाव घेणं' असंच नाव पडलं. हाव मिळाल्याशिवाय स्वतःचा एक शब्द बोलायचा नाही. तास संपायचा तरी काही पोरींना हाव मिळायची नाही, त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा उभ्या. स्टाफरूममध्येही तिनं हेच चालवलं. एकदा वेळापत्रकावरून प्राचार्य तिच्यावर तडकले, तर ही म्हणाली, "सर, आधी तुमची बाजू मी सांगते, बरोबर आली का बघा." सांगितली. प्राचार्यांना हाव म्हणावं लागलं, आणि त्यानंतर त्यांना रागावताच येईना. मला मात्र ते कधी जमलं नाही. समोरच्याची बाजू मांडायची म्हणजे त्याच्या घरात जाऊन त्याच्या खाटेवर बसून यावं लागतं, आणि माझा स्वभाव दारातूनच परत फिरणारा. "तू स्वैपाक शिकवतीस, मी भांडण शिकवते," ती मला चिडवायची. "आच दोन्हीकडं सांभाळावी लागती. तू सगळं मोठ्या जाळावर करतीस."

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. जिल्हा नवा, आणि आल्या आल्या त्याच्या वाट्याला दुष्काळ. नळाला पाणी कधी यायचं ते कुणालाच सांगता येत नव्हतं, तोटी उघडली की नुसती हवा. आमच्या अंगणातल्या आडाला मात्र तळाशी पाणी होतं, त्यावर लहानशी मोटार बसवलेली. सासूबाई सकाळी मोटार लावायच्या, गल्लीतल्या बायका अंगणात घागरी रांगेनं ठेवायच्या. सासूबाईंनी तोवर कुणाला नाही म्हणलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. पण एका सकाळी शिवपूजा आटोपून उठताना त्या मला म्हणाल्या, "तुझी ती मैत्रीण हाय न्हवं, तिचं पाणी तिकडंच पोचवत जा बाई. अंगणात नको. आपल्यात तसं न्हाई." संध्याकाळी त्याच घरात शरणांची, म्हणजे आमच्या संतांची, वचनं म्हणली जायची, जातपात नाही म्हणून सांगणारी, आणि ती चालीवर म्हणणारी मीच होते. मी "हाव" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून उजाडता उजाडता दोन कळश्या घेऊन पोस्टमास्तरांचा जिना चढायला लागले. मला त्याचा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला सांगू. व्यापाऱ्याची सून मैत्रिणीसाठी डोक्यावर पाणी वाहते आहे, रांगेत उभं राहण्याचा तिचा त्रास वाचवते आहे, असं मी मनाशी घोळवत जिना चढायची.

चार दिवस तिनं मुकाट पाणी घेतलं. पाचव्या दिवशी कळशी रिकामी करून माझ्या हातात देताना म्हणाली, "एक विचारू का? रागावू नको. हे पाणी माझ्यापर्यंत पोचावं म्हणून येतंय, का मी तुमच्या अंगणापर्यंत पोचू नये म्हणून?"

मी तापले. "माझी मान अवघडली कळश्या वाहून, आणि तू मला तर्कशास्त्र शिकवतीस?"

"पाणी गोड हाय. परिणामाला मी नाव ठेवून न्हाई राहिले. हेतूचं विचारून राहिले."

"तहान लागल्यावर हेतू कोण विचारतं?"

"तहानलेल्यानं न्हाई विचारला तर चालंल," ती म्हणाली. "देणाऱ्यानं एकदा विचारून बघावा."

मी कळश्या उचलल्या आणि पायऱ्यांवर मुद्दाम आदळत खाली उतरले. दुसऱ्या दिवशी पाणी घेऊन गेले नाही. वाटलं, बसू दे आता. आणि ती आली. अंगणात, दिवसाउजेडी, स्वतःची पितळी घागर कंबरेवर घेऊन, इस्त्रीची साडी नेसून, जशी कॉलेजात यायची तशी. रांगेत तिसऱ्या नंबरला घागर ठेवली. पुढच्या दोघींच्या घागरी भरल्या, तिनं आपली नळीखाली सरकवली, आणि सासूबाईंनी खटका खाली केला. "मोटार गरम झाली," त्या म्हणाल्या, कुणाकडंही न बघता. दोन घागरींत कुठली मोटार गरम होते... न बोललेलं विधान तिथं सगळ्यांनाच ऐकू आलं होतं. कौशल्यानं सासूबाईंना काही विचारलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. "खरंच गरम झाली का गं, मंगल?" मी मोटारीपाशी गेले, तिच्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "हाव. लई तापलीया."

तिनं रिकामी घागर उचलली, कंबरेवर घेतली आणि गेली. ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर थोड्या वेळानं मोटार पुन्हा लागली. त्या दिवशी दुपारी कॉलेजात तिनं नेहमीसारखा डबा उघडला, नेहमीसारखा ठेचा माझ्या झाकणात काढला. मी घास गिळत वाट बघून राहिले, आता बोलेल, आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते, कळश्यांचा पाढा वाचला असता. ती कुठल्यातरी परीक्षेच्या पर्यवेक्षणाबद्दल बोलली. तो सगळा उन्हाळा ती चौकातल्या सरकारी टँकरवर उभी राहिली. मी रोज सकाळी तिला गच्चीवरून बघायची, आणि तिनं वर बघितलं तरी दिसणार नाही एवढं मागे सरकून उभी राहायची.

आमची मैत्री तुटली नाही. तुटली असती तर हिशेब सोपा होता. उलट ती वाढतच गेली, ह्याचं मला आजही नवल वाटतं. तिनं पुढं शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर बांधलं, आणि रविवारी चार वाजता मी तिच्याकडं चहाला, हे ठरून गेलं. लग्न तिनं केलं नाही. का नाही केलं म्हणून विचारलं तर म्हणायची, "आधी तू लग्नाची बाजू मांड, मला पटंल अशी." मला तीही मांडता यायची नाही. आम्ही कशाकशावर भांडलो असू... देव आहे का, हुंडा देणारा जास्त दोषी का घेणारा, डॉक्टरनं रोग्याला खरं सांगावं का, ठेच्यात लसूण आधी घालावा का मागून. तिनं माझी प्रत्येक चूक सोलून दाखवली. ती एक सोडून. सासूबाई गेल्या तेव्हा ती आली, बायकांत शेवटपर्यंत बसली. नंतर मी काहीतरी कडू बोलले त्यांच्याबद्दल, मला वाटलं तिला बरं वाटेल. तर म्हणाली, "त्यांची पण बाजू असंल, मंगल. त्यांना कुणी जन्मात विचारली न्हाई." मलाही कुणीतरी विचारावं असं तेव्हा फार वाटलं, आणि तिनं विचारलं नाही.

एकदा विचारलं, म्हणजे विचारण्याच्या अगदी जवळ आली. अलीकडच्या त्या मोठ्या दुष्काळात, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी रिटायर झालेल्या. टीव्हीवर ती पाण्याची गाडी दाखवून राहिले होते. ती बघत बघत म्हणाली, "तुमच्या आडाचं काय झालं गं?" मी म्हणाले, "बुजवला केव्हाच. वर खोली काढली." मग म्हणाली, "आणि मोटार?" दार उघडं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. मी म्हणाले, "भंगारात दिली. चहा घे, गार होतोय." तिनं माझ्याकडं बघितलं, मग चहा घेतला. इतक्या वर्षांनी काय उकरायचं, तिलाही आठवत नसेल, अशी मी माझी समजूत घातली.

आणि शेवटची संधी ती नांदेडला निघाली तेव्हाची. मिलिंद गाडी घेऊन आला होता तिला न्यायला. ती वाळून अर्धी झालेली, पण आवाज तोच. घराची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "रविवारी येऊन खिडक्या उघडत जा. घर कोंदतं." गाडीत बसली, काच खाली केली. मी म्हणाले, "कौशल्या, ते..." ती थांबली. मिलिंदला हातानंच थांब म्हणाली. मी म्हणाले, "गोळ्या वेळेवर घे." "घेते," ती म्हणाली, आणि काच वर केली.

मिलिंदच्या त्या फोननंतर दोन आठवड्यांनी कॉलेजात शोकसभा झाली. तर्कशास्त्र आता तिथं शिकवत नाहीत, पोरं मिळत नाहीत म्हणून विषय बंद पडला, पण जुने विद्यार्थी पुष्कळ आले होते. भाषणं व्हायची तशी झाली. मग शिरूर अनंतपाळच्या शाळेत शिकवणारी एक बाई उठली, पन्नाशीच्या आतबाहेरची. म्हणाली, "मॅडमचं मोटारीचं उदाहरण कुणाकुणाला आठवतंय?" सभागृहात हात वर झाले. एका बाकावर एक, दुसऱ्या बाकावर दोन, पांढऱ्या केसांचे, काळ्या केसांचे, वेगवेगळ्या वर्षांचे हात. मी खुर्चीला धरून बसले.

ती सांगायला लागली. दुष्काळ आहे, एका घरी आड आहे, एक बाई पाण्याला येते, तिला पाणी द्यायचं नाही म्हणून मोटार गरम झाली असं सांगतात. घरच्या सुनेला विचारतात, खरं का? सून हात लावून बघते आणि हाव म्हणते. "मॅडम दर वर्षी हे उदाहरण द्यायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, आता ह्या सुनेची बाजू मांडा. आम्ही म्हणायचो, तिला कसली बाजू मॅडम, ती खोटारडी हाय. मग मॅडम स्वतः मांडायच्या. ती सून शिकलेली हाय, नोकरी करून राहिली. त्या घरात तिची नोकरी एका वाक्यावर टांगलेली हाय. खरं बोलली असती तर पाण्याची एक घागर मिळाली असती, आणि तिचं कॉलेज त्या दिवशी संपलं असतं. पाच दिवस तिनं डोक्यावर पाणी वाहिलं होतं, ते कुणी विसरू नका. मोटारीवर हात ठेवला तेव्हा तिचा हात कापत होता. मोटार बंद होती, मग कापत काय होतं?"

मी माझी बाजू जन्मात कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. मला स्वतःलाही ती इतकी नीट कधी सांगता आली नसती. आणि ती माझ्यामागं, वर्गावर्गातून, दर वर्षी सांगत आली होती. सभागृहात बसल्या बसल्या माझ्या तोंडून हळूच निघालं, "हाव." शेजारच्या बाईनं वळून बघितलं.

"मग आम्ही विचारायचो," ती शिक्षिका म्हणाली, "मॅडम, शेवटी त्या सुनेचं चुकलं का न्हाई? मॅडम म्हणायच्या, अजून निकाल न्हाई. एकच बाजू झालीय. दुसरी बाजू तिनं येऊन मांडायची हाय, त्या पाण्याला आलेल्या बाईची. ती मांडली की बघू." मग तिनं सभेकडं बघून विचारलं, "खरी होती का हो ती सून? आली का कधी?" कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. उठून उभं राहायचं होतं, सगळी ती माणसं समोर होती, चार बायकांसमोर बोललेलं खोटं चारशे माणसांसमोर पुसता आलं असतं. मी उठले नाही. पदरानं तोंड पुसलं आणि श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिले तेव्हा त्यांच्याबरोबर उभी राहिले. म्हणजे हे माझं दुसऱ्यांदा. त्या शिक्षिकेचा पत्ता माझ्याकडं नाही, म्हणून इथं लिहिते, बाई, ती सून खरी होती. मोटार गार होती.

रविवारी किल्ली घेऊन कौशल्याच्या घरी गेले. खिडक्या उघडल्या, माझ्या नेहमीच्या वेताच्या खुर्चीत बसले. समोर तिची. आणि मोठ्यानं, तिच्या रीतीनं, तिची बाजू मांडायला लागले. वेड्यासारखं वाटलं, पण मांडली. मी कौशल्या. पाच घरांनी मला खोली नाही म्हणलं, तेव्हा ही माझ्याबरोबर होती, म्हणून मी हिला आपलं मानलं. चार दिवस मी तिचं पाणी मुकाट घेतलं, कारण तिला बरं वाटत होतं. पाचव्या दिवशी विचारलं, कारण तिला विचारलं नाही तर दुसऱ्या कुणाला विचारणार. मी अंगणात पाण्यासाठी आलेच नव्हते, पाणी टँकरवर मिळत होतं. मंगल माझ्या शेजारी येऊन उभी राहते का, एवढंच बघायला आले होते... हे मला बोलता बोलता पहिल्यांदाच कळलं. मग थांबले. तिच्या नियमानं समोरून हाव आली पाहिजे, म्हणजे मला माझं बोलता येईल. मला फार नाही, दोनच शब्द बोलायचे आहेत. चुकलं माझं.

पुढच्या रविवारी पुन्हा मांडली, काही सुटलं असेल म्हणून. सुटलं होतंच. टँकरवर उभी असताना गच्चीवरून बघणारी मी तिला दिसत असेन, हे मी मांडलंच नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या मांडणीत तो रविवारचा चहा आला, तिच्या बाजूनं, दर आठवड्याला माझी वाट बघणारा. आता दर रविवारी जाते, मिलिंदला म्हणलं घर इतक्यात विकू नको. दर वेळी थोडी बरी जमते. परवा तर वाटलं, आता बरोबर झाली, कुठं बोट ठेवायला जागा नाही, हिला आता हाव म्हणावंच लागेल. समोरच्या खुर्चीकडं बघत बसले. उन्हं गेली, मी खिडक्या लावल्या, कुलूप घातलं, आणि माझे दोन शब्द तसेच घेऊन घरी आले.